विश्लेषण : शारदा सदनातील उघड्या दाराचा वाद काय होता? पंडिता रमाबाईंच्या रोजच्या शास्त्रवाचनाची गोष्ट

गोवंडीच्या बैंगनवाडीत किंवा शिवाजीनगरात संध्याकाळी घराचे दार लावून बसणे परवडत नाही. खोली लहान, खिडकी एखादी. वारा येतो तो दारातूनच. त्यामुळे घरात जे चालते ते गल्लीला ऐकू येते. कुठे नमाजाची तयारी, कुठे बुद्धवंदना, कुठे आरती, तर एखाद्या ख्रिस्ती घरात जेवणाआधी मोबाइलवर उघडलेला बायबलचा अध्याय आणि सर्वांनी मिळून केलेली प्रार्थना. दार उघडे ठेवून प्रार्थना करावी की नाही, हा प्रश्न इथे सहसा कुणाला पडत नाही. पुण्यात मात्र १८९३ मध्ये नेमक्या याच प्रश्नावरून एक संस्था मोडायची वेळ आली होती. त्या संस्थेचे नाव शारदा सदन आणि दार उघडे ठेवणाऱ्या बाईंचे नाव पंडिता रमाबाई.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. विधवांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या समाजसुधारक म्हणून त्या शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना माहीत आहेत. पण त्यांच्या आयुष्यातील एक धागा फारसा सांगितला जात नाही. तो म्हणजे रोज घरात, आपल्या माणसांसोबत केलेले धर्मग्रंथाचे वाचन. ही सवय कुठून आली, तिची किंमत काय मोजावी लागली आणि तिच्यातून मराठीला काय मिळाले, ते पाहू.

रोजच्या पाठाची सवय आली कुठून?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. स्त्रीला देवभाषा शिकवणे त्या काळी धर्माविरुद्ध मानले जाई. त्यावरून विरोध झाला, तेव्हा अनंतशास्त्री कुटुंबासह रानात जाऊन राहिले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत आणि पुराण सांगत देशभर फिरू लागले.

आठव्या वर्षापासून रमाबाईंचे शिक्षण आईकडे सुरू झाले. घरकाम, पाहुणे आणि वडिलांचे विद्यार्थी यांतून आईला दिवसा वेळ मिळत नसे. म्हणून ती पहाटे उजाडण्यापूर्वी लेकीला लाडाने उठवून, कुशीत घेऊन श्लोक म्हणवून घेई. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना पाठ झाले होते. धर्मग्रंथ ही आधी घरात, आईच्या आवाजात ऐकायची गोष्ट आहे, हा संस्कार इथला आहे. ग्रंथ पुढे बदलला, सवय तीच राहिली.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाने या कुटुंबाचा घास घेतला. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. सोळा वर्षांच्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास यांनी पायी हजारो किलोमीटर भटकंती केली आणि १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

बायबल हाती कसे आले?

कलकत्त्यातच बहीण-भावाला एका ख्रिस्ती मेळाव्याचे आमंत्रण मिळाले. तिथे लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून काहीतरी म्हणत होते. ही माणसे खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे या दोघांना वाटले. निघताना त्यांना संस्कृत बायबलची प्रत भेट मिळाली. रमाबाईंनी ती उघडून पाहिली. भाषा संस्कृतच, पण त्यांच्या ओळखीच्या संस्कृतपेक्षा इतकी वेगळी की वाचन पुढे सरकेना. धर्मग्रंथ वाचणाऱ्याच्या भाषेत असेल तरच तो घरात रुजतो, याचा हा त्यांना आलेला पहिला अनुभव म्हणता येईल.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला आणि त्या आसाममधील सिल्चरला राहायला गेल्या. तिथे घरातल्या पुस्तकांमध्ये त्यांना लूककृत शुभवर्तमानाची छोटी बंगाली पुस्तिका सापडली. ती त्यांनी आवडीने वाचली. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा समजावून सांगत. पत्नीने उघडपणे ख्रिस्ती व्हावे, हे पतीला मात्र मान्य नव्हते.

एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई तान्ह्या लेकीला घेऊन पुण्यात आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या मंडळींनी त्यांना आधार दिला. जून १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे त्याच्या सभांना येत. पुढच्या वादात विरुद्ध बाजूला उभी राहिलेली माणसे ही अशी जवळची होती, हे लक्षात ठेवायला हवे.

बाप्तिस्म्यानंतरही खटके का उडाले?

पुण्यात मिशनरी शिक्षिकेकडून इंग्रजी आणि नव्या कराराचे धडे घेतल्यावर १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनींच्या मठात त्या राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. मूळचे चित्पावन असलेले ख्रिस्ती विद्वान नेहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणाचाही त्यांच्यावर प्रभाव होता.

महाराष्ट्रात या बातमीने खळबळ उडाली. पण इंग्लंडमध्येही सारे सुरळीत नव्हते. चर्च सांगते म्हणून एखादी शिकवण मान्य करायला रमाबाई तयार नव्हत्या. त्या बायबल स्वतः वाचत, पटले तर स्वीकारत, नाही तर वाद घालत. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. मनोरमाला काय शिकवायचे, यावरूनही भगिनींशी त्यांचे मतभेद झाले. आपल्याला न पटलेली शिकवण लेकीला दिली जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. मुलांच्या श्रद्धेची जबाबदारी आधी आईवडिलांची आणि मग संस्थेची, असा त्याचा अर्थ.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक मदत करण्याची जबाबदारी तिने घेतली.

शारदा सदनाचे नियम काय होते?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नातू होत्या. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई म्हणून ओळखल्या गेल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला हलले.

बोस्टनच्या संस्थेची अट स्पष्ट होती. सदन धर्मप्रचारासाठी नसेल. मुलींनी आपापल्या जातीचे आचार पाळायचे, स्वयंपाक त्यांच्या रीतीने व्हायचा, पूजाअर्चेला आडकाठी करायची नाही. ग्रंथालयात हिंदू धर्मग्रंथही असतील आणि बायबलही. कोणताही धर्म शिकवला जाणार नाही. या भरवशावर रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार झाली आणि पालकांनी मुली पाठवल्या.

मग वाद कशावरून पेटला?

रमाबाई सदनातच राहत. रोज सकाळी त्या आपल्या खोलीत मनोरमाला जवळ घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचे दार त्या लावून घेत नसत. १८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला नवी खोली आली होती. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला आता भेटला, असे त्या स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना म्हणत. त्यानंतर हे वाचन त्यांच्यासाठी अधिकच जिव्हाळ्याचे झाले.

हळूहळू काही मुली दारात येऊन उभ्या राहू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही आणि हाकललेही नाही. बाल वयात वैधव्य आलेल्या या मुलींना घरात अपशकुनी म्हणून वागवले गेले होते. आई लेकीला जवळ घेऊन काही वाचते आहे, हे दृश्यच त्यांना ओढून घेत असावे.

बातमी शहरात पसरली. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. सल्लागारांनी आक्षेप घेतला आणि ऑगस्ट १८९३ मध्ये राजीनामे दिले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

दार लावून घेतले असते तर?

वाद तिथेच मिटला असता, असे वाटू शकते. रमाबाईंची भूमिका वेगळी होती. सदनातील हिंदू मुलगी आपली पूजा उघडपणे करू शकते, तर आपणही आपल्या खोलीत आपली प्रार्थना उघडपणे करू शकतो, असे त्यांना वाटे. दार लावणे म्हणजे आपण काही लपवतो आहोत असे कबूल करणे. शिवाय ही सदनाची प्रार्थना नव्हती, एका आईची आपल्या मुलीसोबतची होती. बोस्टनच्या संस्थेने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि सदन टिकले.

टीकाकारांचे म्हणणे निराधार होते का?

तसे म्हणता येणार नाही. सदनातील मुली वयाने लहान होत्या, निराधार होत्या आणि राहणे, जेवण, शिक्षण या सगळ्यासाठी रमाबाईंवर अवलंबून होत्या. जिच्यावर आपले सारे अवलंबून आहे, ती बाई रोज काय वाचते याचा परिणाम मुलीवर होणारच. बोलावले नाही, एवढ्याने प्रभाव पडत नाही असे होत नाही. पुढच्या काही वर्षांत सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपली भीती खरी ठरली असे टीकाकारांना वाटले. पालकांनी विश्वासाने मुली सोपवल्या होत्या आणि तो विश्वास जपणे हेही रमाबाईंचे कर्तव्य होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. याच मुलींना शिकवायला, त्यांच्या डोक्यावर छप्पर द्यायला तेव्हा फार थोडी घरे तयार होती. संस्थेची तटस्थता आणि संस्था चालवणाऱ्या व्यक्तीची श्रद्धा यांच्यातली रेषा कुठे ओढायची, हा प्रश्न १८९३ मध्ये सुटला नाही. आजच्या वसतिगृहांत आणि शाळांतही तो पुन्हा पुन्हा उभा राहतो.

केडगावात हे घर किती मोठे झाले?

गोवंडीहून हार्बर लोकलने निघून, पुण्याची गाडी पकडून, पुढे दौंडच्या दिशेने गेले की केडगाव स्टेशन लागते. रमाबाईंनी इथे शेतजमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन परतल्या. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेल्या बाईने हे काम दुसऱ्यावर सोपवले नाही. केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. बोस्टनच्या संस्थेची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. त्यानंतर मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

तिथे विणकाम होते, शेती होती, गुरे होती, तेलघाणा होता आणि छापखानाही होता. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय मनोरमाने केली. या साऱ्या दिनक्रमात प्रार्थना आणि शास्त्रवाचन ओवलेले होते. जानेवारी १९०५ मध्ये सुमारे ७० जणी रोज एकत्र प्रार्थनेला बसू लागल्या. काही महिन्यांत हा आकडा ५०० च्या पुढे गेला. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुक्तीत झालेल्या जागृतीची नोंद जगभरातील ख्रिस्ती इतिहासात घेतली जाते. पण तिची सुरुवात काही जणींनी न चुकता रोज एकत्र बसण्यातून झाली होती.

बायबल मराठीत असताना पुन्हा भाषांतर का?

बायबलचे मराठी भाषांतर नवे नव्हते. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून १८११ मध्येच मराठी नवा करार छापला होता. त्यानंतर मुंबईतील मिशनरी आणि बायबल सोसायटीच्या आवृत्त्या आल्या. अडचण भाषेची होती. मुक्तीत आलेल्या बहुतेक जणी खेड्यांतल्या होत्या. अनेकींनी तिथेच पहिल्यांदा अक्षर गिरवले होते. संस्कृतप्रचुर मराठी त्यांच्या पचनी पडत नव्हती. कलकत्त्यात संस्कृत बायबल उघडून रमाबाई अडखळल्या होत्या, तसेच काहीसे या बायका मराठी बायबल उघडून अडखळत होत्या.

मग रमाबाईंनी वयाच्या पंचेचाळिशीनंतर हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास सुरू केला. बायबलच्या जुन्या कराराची मूळ भाषा प्रामुख्याने हिब्रू आणि नव्या कराराची ग्रीक. दुसऱ्याच्या भाषांतराचे भाषांतर करायचे नाही, मुळातून करायचे, असा त्यांचा निश्चय होता. घरात बोलले जाणारे शब्द निवडायचे, दुसऱ्या धर्मकल्पनांशी जोडलेले शब्द शक्यतो टाळायचे, ही पथ्ये त्यांनी पाळली. जे काम सहसा पंडितांची आणि पाद्रींची समिती करते, ते एका बाईने हाती घेतले. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच टाइप जुळवत, छापत आणि पाने बांधत.

काम जवळपास दीड तप चालले. मुळाशी घट्ट राहण्याच्या आग्रहामुळे काही ठिकाणी वाक्ये अवघडली, ही मर्यादाही सांगायला हवी. पुढे मराठी ख्रिस्ती घरांत मुख्यतः बायबल सोसायटीची आवृत्तीच रूढ झाली. तरी नुकत्याच अक्षर शिकलेल्या बाईला आपला ग्रंथ आपण वाचता यावा, म्हणून एवढी मेहनत घेणारे उदाहरण मराठीत विरळा.

शेवटचे दिवस कसे गेले?

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. वय अवघे चाळीस. जिच्या उशाशी बसून रमाबाईंनी शास्त्र वाचले, जी पुढे संस्था सांभाळणार होती, तीच आधी गेली. रमाबाईंची तब्येत खालावत होती, पण भाषांतर अजून पुरे व्हायचे होते. शेवटची मुद्रिते तपासण्यासाठी त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले आणि काम संपल्यावरच डोळे मिटले, अशी आठवण मुक्तीत सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आले. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशन केडगावात आजही सुरू आहे.

घरातील शास्त्रवाचन आज कसे चालते?

मराठी प्रोटेस्टंट घरांत साधारण पद्धत अशी. सकाळी किंवा रात्री जेवणाआधी घरातली माणसे एकत्र बसतात. एखादे गीत म्हणतात, एक अध्याय वाचतात, प्रभूची प्रार्थना म्हणतात. गीतांमध्ये कवी नारायण वामन टिळकांची भजने हमखास असतात. कॅथलिक घरांत संध्याकाळी रोझरी म्हटली जाते. ज्याला वाचता येते तो वाचतो, बाकीचे ऐकतात. अनेक घरांत ही पाळी मुलांकडे येते. मोठ्याने, अडखळत का होईना, वाचायला मिळाले की मूल नुसते श्रोते राहत नाही.

आकड्यांत पाहिले तर हे काम वाटते तेवढे मोठे नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षभरात संपूर्ण बायबल होते. रमाबाईंना सिल्चरच्या घरात सापडलेल्या लूककृत शुभवर्तमानाचे २४ अध्याय आहेत. रोज एक वाचला तर महिनाही लागत नाही. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, म्हणून अनेक घरांत तारखेप्रमाणे एक अध्याय वाचतात. मोबाइलवर आता मराठी बायबल वाचता येते आणि ऐकताही येते. अडचण ग्रंथ मिळण्याची राहिलेली नाही. शिफ्टची नोकरी, शिकवणी आणि प्रत्येकाच्या हातातला वेगळा स्क्रीन यांतून सगळ्यांना एका वेळी एकत्र बसवणे, हीच आता अडचण आहे. लक्ष्मीबाईंनाही दिवसा वेळ मिळत नव्हता, म्हणून त्यांनी पहाट निवडली होती.

बैंगनवाडीतल्या त्या खोलीचे दार आजही उघडेच असते. शेजारची मुले खेळता खेळता उंबऱ्याशी थांबतात, थोडे ऐकतात आणि त्यांच्या घरून हाक आली की निघून जातात. आत वाचणारी आई त्यांना बोलावत नाही, हाकलतही नाही. आपला अध्याय पुरा करते आणि ताटे वाढायला घेते.